पाझर तलावाचा गाळ टाकून घेतला, 30 खेपा: माल भारी, सर्व्हिस सुमार

रेटिंग आधी सांगून टाकतो. गाळाला पाचपैकी साडेचार, गाळ आणून टाकणाऱ्याला दोन, आणि ते दोन पण ड्रायव्हर पोरगा बरा होता म्हणून. ठेकेदाराचं नाव टाकत नाही, आमचा पाटोदा तालुका (जि. बीड) काही एवढा मोठा नाही अन् त्याचा चुलता आमच्या बांधाला बांध लावून आहे, मला गावात जायचं असतं दर शनिवारी.

आमचं दीड एकराचं एक तुकडं आहे माळाच्या अंगाला. बरड. बालाघाटाच्या डोंगरावरची रानं ज्यानं बघितलीत त्याला जास्त सांगायला नको, नांगर जरा खोल लावला की पांढरट-तांबूस मुरूम वर येतो आणि मागं चालणाऱ्याच्या पायाला टोचतो. हुलगे, मटकी, बाजरी एवढंच तिथं व्हायचं. सोयाबीन दोनदा पेरून बघितलं, पंधरा दिवसाची उघडीप पडली की माना टाकल्याच, कारण ती माती ओलच धरत नाही, आज पाऊस पडला की उद्या दुपारी कोरडी ठाक. आण्णा चार वर्षं झाली मागं लागले होते गाळ टाकू गाळ टाकू, मी टाळत होतो, मी बीडला क्लासवर भूगोल शिकवतो (पोलीस भरती, एमपीएससी वगैरे) त्यामुळं शेतातलं डोकं कमी चालतं असं घरचे म्हणतात आणि ते काही खोटं नाही.

मागच्या एप्रिलमध्ये शेवटी ठरवलं. रेट असा होता: हायवाची (मोठ्या डंपरची) एक खेप 1400 रुपये, पोकलेननं भरून द्यायचं धरून, अंतर अडीच किलोमीटर. गाळ फुकटच असतो, पैसे मशीनचे अन् वाहतुकीचे. ट्रॉलीवाले 500 म्हणत होते पण ट्रॉलीत ब्रासभर (शंभर घनफूट) बसतो, खेपा मोजता मोजता मृग लागला असता. 30 खेपा ठरल्या, 42 हजार झाले. अॅडव्हान्स 20 दिले. (इथंच चुकलं, एवढे द्यायचे नसतात.)

तलाव म्हणजे आमच्या गावाखालचा पाझर तलाव, 72 च्या दुष्काळातला. आमची आजी त्याच भिंतीवर पाट्या वाहायला होती, सुकडी खाऊन. आण्णा म्हणतात तेव्हा तळाला काळा पाषाण उघडा दिसायचा, पोरं त्यावर उड्या मारायची. आता तिथं पोकलेननं दोन पुरुष खोल खड्डा केला तरी पाषाण लागला नाही, नुसता गाळ. मी पहिल्या दिवशी त्या खड्ड्यात उतरलो तर तासभर वरच आलो नाही, ड्रायव्हर वरून हाका मारतोय सर निघायचं का. खड्ड्याच्या भिंतीला थर दिसत होते, बोटभर रेतीची रेघ, तिच्यावर वीतभर काळा चिकट गाळ, परत रेतीची रेघ, परत गाळ, असं वरपर्यंत. ओढ्याला जोराचा लोंढा आला की जाड माल आधी बसतो आणि मग आठ-दहा दिवस पाणी निवळत राहतं तसा बारीक माल त्यावर बसतो, म्हणजे एकेक जोडी म्हणजे एकेक मोठा पाऊस. झीज, वहन, संचयन हे तीन शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिले असतील, पण असं कापून ठेवलेलं कधी बघितलं नव्हतं, फोटो काढून पोरांना दाखवले तर एक जण म्हणला सर केक आहे का.

आता हा माल मुळात येतो कुठून, ते थोडं सांगतो कारण विकत घेताना त्याचा उपयोग होतो. आमच्या विहिरीत डोकावलं की सगळं उभं दिसतं. वर फूटभर माती, तिच्याखाली सात-आठ फूट मुरूम, मग अर्धवट कुजलेला खडक ज्यात गोल गोल गोटे अडकलेत, आणि त्याखाली अस्सल काळा पाषाण ज्याला सुरुंग लावल्याशिवाय काही होत नाही. ही चार वेगवेगळी मटेरियलं नाहीत, एकच खडक आहे वेगवेगळ्या वयात. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा बेसॉल्ट. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतो म्हणून जरासा आंबट असतो, ते पाणी फटीफटीतून शिरतं, खडकातली खनिजं हळूहळू चिकणमाती होत जातात, लोखंड गंजतं म्हणून मुरूम तांबूस, आणि चुना विरघळून खाली जाऊन खडे होऊन बसतो, तीच आपली चुनखडी. ते गोल गोटे पण मुळात गोल नव्हते, चौकोनीच होते. कोपऱ्याला तीन बाजूंनी पाणी लागतं, सपाट बाजूला एकाच, म्हणून कोपरे आधी कुजतात अन् कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात. विहीर खांदली तेव्हा काठावर टाकलेले असले काही गोटे आता नुसत्या हातानं सोलतात, माझ्या पुतण्याचा तोच उद्योग असतो सुट्टीत.

याला पुस्तकात विदारण म्हणतात, नववीच्या भूगोलात आहे. पोरं हमखास लिहून येतात की दिवसा उन्हानं खडक प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो आणि फुटतो. मराठवाड्याचं ऊन बघता कुणालाही पटेल. पण 1936 साली अमेरिकेत डेव्हिड ग्रिग्ज नावाच्या माणसानं ग्रॅनाइटचा तुकडा कोरड्याकोरड्या जवळपास 90 हजार वेळा तापवून गार केला, म्हणजे रोज एकदा धरलं तर 244 वर्षांचं ऊन झालं, आणि दगडाला काही म्हणजे काही झालं नाही. मग गार करताना पाणी वापरलं तर थोड्याच फेऱ्यांत तडे दिसायला लागले. पाणी पाहिजे राव, नुसत्या उन्हानं दगड पण ढिम्म हलत नाही. तसं उरलेलं काम आमच्याकडं सीताफळ करतं. बालाघाटात जिथं मातीचा कण दिसत नाही तिथं फटीत सीताफळ उगवलेलं असतं, मुळी शिरली की फट रुंदावते, पाला पडतो, कुजतो, तो पण आंबटच. बीडच्या सीताफळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचं सगळे कौतुक करतात, खडक फोडतंय त्याचं कुणी करत नाही.

हे असं होऊन एक इंच माती बनायला शेकडो वर्षं लागतात. जायला एक मृग पुरतो.

बरं, आता तक्रारीकडं येतो. ठेकेदारानं सौदा करताना जो नमुना दाखवला तो भिंतीच्या अंगाचा होता, काळा, लोण्यासारखा, हातात वळी केली तर तुटत नव्हती. पहिल्या दिवशीच्या 12 खेपा आल्या, मी बीडलाच होतो, आण्णांना डोळ्यानं नीट दिसत नाही संध्याकाळी. शनिवारी जाऊन बघतो तर ढिगात गोटे, रेती, मधेच झाडाची मुळं. मला लगेच कळलं हा तोंडाचा माल आहे. तलावात ओढा जिथं शिरतो तिथं पाण्याचा जोर एकदम कमी होतो, त्यामुळं जड माल, गोटे अन् रेती, तिथंच टाकून देतं, आणि बारीक चिकणमाती तरंगत तरंगत पार भिंतीपर्यंत जाऊन निवांत बसते. म्हणजे एकाच तलावात तोंडाला एक क्वालिटी, मधे दुसरी, भिंतीला तिसरी. तोंडाकडून रस्ता जवळ पडतो, डिझेल वाचतं, म्हणून साहेबांनी तिथनं भरलं. रेती तर उपसायला पण बंदी असते सरकारच्या या गाळाच्या योजनेत (गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार).

फोन केला तर म्हणतो सर गाळ म्हणजे गाळ, त्यात काय डावं उजवं असतं. म्हणलं थांब. आईची लोणच्याची रिकामी बरणी घेतली, तिसरा हिस्सा ढिगातला माल, वर पाणी, चिमूटभर कपड्याचा साबण, झाकण लावून पाच मिनिटं घुसळली आणि ओट्यावर ठेवून दिली. रेती मिनिटभरात तळाला बसते, मधला बारीक माल दोन-चार तासात, आणि चिकणमाती दुसऱ्या तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या बरणीत नमुन्याचा गाळ. दोन्ही बरण्यांचा फोटो शेजारी शेजारी ठेवून व्हॉट्सअपवर पाठवला, आलेल्या मालात जवळपास निम्मी रेती, नमुन्यात बोटाच्या पेराएवढी पण नाही. त्यानंतर मात्र आवाज खाली आला आणि पुढच्या 18 खेपा भिंतीच्या अंगाच्या आल्या. आधीच्या 12 परत नेल्या नाहीत, बदलून पण दिल्या नाहीत, सोसल्या. गाळ घेणाऱ्यानं ही बरणीची टेस्ट आधी करावी, फुकट आहे. दुसरी एक, बाथरूम धुवायच्या ॲसिडचा थेंब टाकून बघायचा, फसफसलं तर चुनखडी आहे, जोरात फसफसलं तर विचार करा. आणि माती परीक्षण करून घेतलं तर सगळ्यात बरं, आम्ही केलं, क्षार जास्त निघाला नाही.

दुसरी लबाडी मापात. पाच ब्रासची खेप म्हणून सांगितलं होतं. टेप लावला तर गाडीचा हौदा 14 फूट बाय साडेसात, उंची 4, म्हणजे काठोकाठ भरला तरी सव्वाचार ब्रास, आणि काठोकाठ भरतंय कोण. चार धरा. 30 खेपांचे 120 ब्रास, 12 हजार घनफूट, दीड एकरावर पसरल्यावर थर भरतो सव्वादोन इंचाच्या आतबाहेर. तीन इंच होईल असं तो म्हणला होता.

हा सव्वादोन इंच म्हणजे किती ते काढायला बसलो एका रात्री, झोप येत नव्हती. आपल्या देशात मातीची धूप सरासरी हेक्टरी वर्षाला 16 टनांच्या थोडी वर धरतात, म्हणजे थरात मोजलं तर साधारण सव्वा मिलिमीटर. एवढं कुणाला दिसत नाही, पेरताना एखादा दगड गेल्या वर्षीपेक्षा जरा उघडा वाटतो, बस. पण सव्वादोन इंचाच्या आतबाहेर म्हणजे साधारण 56 मिलिमीटर, भागिले सव्वा, उत्तर आलं 45 वर्षं. आमच्या उताराचा आकडा वेगळा असेल हे मान्य, तरी पण तलाव झाला 72 ला, आणि मी 42 हजार देऊन त्यातली चाळीस-पंचेचाळीस वर्षांची माती परत आणली. आण्णांना सांगितलं तर म्हणले, मग आपलीच हाय की ती, पैशे कामून दिले. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

अर्थात सगळी तलावात थांबली नाही. तलाव भरून सांडव्यावरून वाहतो तेव्हा बारीक माल पुढं निघून जातो, रेतीसारखा तो लगेच खाली बसत नाही. चिकणमातीची गंमतच आहे, चिकट असल्यानं पाण्याला उचलायला जड जाते, रेतीपेक्षा जास्त जोर लागतो, पण एकदा उचलली की खाली बसायचं नावच घेत नाही. आमचा तालुका तर असा तिठ्यावर बसलाय की मांजरा इथली, सिंदफणा इथली, आणि सौताड्याला रामेश्वरच्या दरीत उडी घेणारी विंचरणा पण इथलीच. सिंदफणेची माती माजलगावच्या धरणात, मांजरेची धनेगावला, त्यातनं सुटली ती गोदावरीत. विंचरणेची सीनेत, तिथनं भीमा, तिथनं कृष्णा. एका तालुक्यातली माती दोन बाजूंनी अर्धा देश हिंडून शेवटी आंध्रात समुद्राला शेजारी शेजारी जाऊन पडते. ऊसतोडीच्या टोळ्यांसारखं, एकाच वस्तीतले एक कर्नाटकात, एक साखर पट्ट्यात. फक्त टोळ्या परत येतात.

सौताड्याचा विषय निघालाच तर, तिथं गेलात तर नुसता सेल्फी काढून येऊ नका, दरीच्या कड्याकडं बघा. पायऱ्या पायऱ्या दिसतात, लाव्ह्याचा एकेक थर. प्रत्येक थराचा वरचा भाग लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला, तो लवकर कुजतो आणि आत जातो, मधला घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो. आमचे सगळे डोंगर डोक्यावर सपाट का आणि अंगाला जिने का, तर यामुळं. धबधब्याच्या पायथ्याचा खडक पाण्यानं पोखरला की वरचा कडा खाली येतो आणि धबधबा एक पाऊल मागं सरकतो, आपल्या आयुष्यात दिसणार नाही इतक्या सावकाश. हे विषयांतर झालं, पण पावसाळ्यात जाऊन या.

आता सगळ्यात मोठी तक्रार. हायवा रानात घालायला खालच्या कोपऱ्यातला बांध फोडला होता आठ-दहा फूट. बोलीच होती की काम झालं की जेसीबीनं बांध परत घालून देणार. काम झालं, बाकीचे 22 हजार घेतले, आणि बांध उद्या. उद्या म्हणजे परवा. परवा जेसीबी दुसऱ्या साईटला. असं करत करत जून आला. गाळ पसरून, वखराची पाळी घालून मुरमात मिसळलेला होता, रान असं काळं दिसत होतं की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. आणि एका संध्याकाळी पडला, दीड तास, फुटाफुटाचे थेंब. उघड्या रानावर पाऊस पडतो तेव्हा मोठा थेंब ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेगानं आदळतो, ढेकळं फुटतात, कण उडतात, मातीची छिद्रं बुजतात, मग पाणी मुरायचं सोडून वरनं पळायला लागतं. आधी सगळीकडनं पातळ पदर वाहतो, मग त्याच्या करंगळीएवढ्या ओघळी होतात, त्या एकमेकींना शोधत शोधत जातात आणि जिथं वाट मिळेल तिथं एकत्र येऊन घुसतात. वाट कुठं होती ते सांगायला नको. आण्णा डोक्यावर पोतं घेऊन खोरं घेऊन गेले, मी फोनवर नुसता ओरडतोय जाऊ नका, विजा चालल्यात.

सकाळी जाऊन बघितलं तर फुटलेल्या बांधापासून वर 60 फूट लांब घळ पडलेली, 4 फूट रुंद, गुडघ्याच्या वर खोल. टेप लावला (सवयच लागली), जवळपास पाच ब्रास. म्हणजे सव्वा खेप, 1700 रुपये सरळ ओढ्यानं परत तलावात. ज्या तलावातनं आणला त्याच तलावात, सहा आठवड्यांच्या आत. ठेकेदाराला फोटो पाठवला, निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. बांध आम्हीच घातला मग, विहिरीवरचे तेच सोलणारे गोटे आत भरले, वर मुरूम, त्यावर गवताची ठोंबं लावली. घळीत तीन ठिकाणी दगड आडवे रचले, आता त्यामागं माती साठायला लागलीय.

पीक कसं आलं हे सगळे विचारतात. सोयाबीन पेरलं. ऑगस्टला 19 दिवस उघडीप होती, शेजारच्या बरडात सोयाबीनची पानं दुपारी मिटलेली, आमच्यात नाही. भिंतीच्या अंगाच्या 18 खेपा जिथं पडल्या तो भाग आणि तोंडाच्या 12 जिथं पडल्या तो भाग, दोघांत फरक बांधावर उभं राहून दिसत होता, काळ्या बाजूला गुडघ्याच्या वर, रेतीच्या बाजूला पोटरीपर्यंत. दीड एकरात एकूण 11 क्विंटल झालं, या तुकड्यात याआधी 5 च्या वर कधी गेलं नव्हतं. एक त्रास झाला, काळ्या बाजूला वापसा (रानात काम करता येईल इतपत सुकणं) लवकर येत नाही, कोळपणी आठ दिवस लांबली आणि तणानं गाठलं. उन्हाळ्यात तिथं आता भेगा पण पडल्यात, चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. आण्णा खुश आहेत, म्हणतात आता हे रान माणसात आलं.

भारी काळी जमीन असेल त्यांनी मात्र गाळ टाकायच्या नादी लागू नका, आधीच पाणी निचरत नाही, अजून चिबड होईल. हलक्या, मुरमाड जमिनीलाच घ्या, आणि पातळ थर द्या, नुसता ढीग लोटून वर पेरू नका, मुरमात नीट मिसळू द्या. शेणखत जमलं तर सोबत टाका.

परवा त्या ड्रायव्हर पोराचा फोन आला होता. आता त्यानं स्वतःचा जुना हायवा घेतलाय म्हणे हप्त्यावर, सर यंदा किती खेपा धरू विचारत होता. म्हणलं दहा, त्या रेतीच्या बाजूला, माल भिंतीच्या अंगाचा, भरताना मी स्वतः खड्ड्यापाशी उभा राहणार, आणि गाडी बांध फोडून आणायची नाही, वरच्या पांदीनं आणायची. पांदीनं पाऊण किलोमीटर जास्त पडतंय सर, खेपेमागं दीडशे वाढतील म्हणला. वाढू दे म्हणलं.